हॉटेलमध्ये कधी काम केलंय? आतल्या गोष्टी सांगा

माझ्या भाच्याला हॉटेल मॅनेजमेंटला जायचंय. घरात सगळ्यांची प्रतिक्रिया एकच, "वा, फाइव्ह स्टारमधलं फुकट जेवण!" मी दादर केटरिंगमधून पास होऊन अकरा वर्षं हाउसकीपिंगमध्ये काढलीयेत त्यामुळे मला हसूच आलं. ज्यांनी या धंद्यात दिवस काढलेत त्यांनी लिहा, त्याला वाचायला देणार आहे. हॉटेल राहायचं असो की खायचं, दोन्ही चालेल.

माझ्यापासून सुरुवात. एका शिफ्टला चौदा-पंधरा खोल्या. चेकआउट १२ ला आणि चेक-इन २ ला म्हणजे खरी मारामारी त्या दोन तासांत. व्हॅक्यूम शेवटी, तोही उलटं चालत दारापर्यंत यायचं, म्हणजे कार्पेटवर आपली पावलं दिसत नाहीत. पण पोटात गोळा यायचा तो लग्नसराईत, कारण मेंदी! वऱ्हाडातल्या बायका ओल्या मेंदीचे हात पांढऱ्याशुभ्र टॉवेलला पुसणार आणि तो डाग ब्लीचलाही दाद देत नाही. मग टॉवेल कंडेम, कापून त्याची फडकी. शेवटी आम्ही लग्नाच्या खोल्यांत मरून रंगाचे जुने नॅपकिन ठेवायला लागलो, वर चिठ्ठी 'मेंदीसाठी'. निम्म्या खोल्यांत नॅपकिन घडी न मोडता तसाच, आणि शेजारी टॉवेल केशरी.

---

उलटं चालत व्हॅक्यूम, अगदी अगदी! मी फ्रंट ऑफिसला होतो, नाइटला. रात्री दोनला डे क्लोज करायचा, तोवर सिस्टिममध्ये कालचीच तारीख चालू असते. परदेशी पाहुणा आला की त्याची माहिती सरकारला कळवायचा सी-फॉर्म २४ तासांत ऑनलाइन भरावा लागायचा. एकदा पहाटेच्या फ्लाइटने एकदम दहा-बारा जण आले, गडबडीत मी एकाच्या व्हिसाचं पान स्कॅनच केलं नाही. साडेतीनला दार वाजवायची काय हिंमत होईना, शिफ्ट संपली तरी थांबलो आणि ब्रेकफास्टला गाठून सॉरी म्हणत पासपोर्ट परत मागितला.

---

फाइव्ह स्टार वगैरे नाही हां, आमचं हायवेला कराडजवळ साधं चहा-नाश्त्याचं हॉटेल होतं. गाडी थांबली की दहा मिनटांत चाळीस चहा, भजी, वडापाव, आणि ड्रायव्हर-कंडक्टरचं खाणं फुकट, नाहीतर उद्या गाडी पुढच्या हॉटेलला थांबणार. आचारी एकदा दिवाळीला गावी गेला तो आलाच नाही, वडील कढईवर आणि मी दहावीतला पोरगा गल्ल्यावर. पुस्तक गल्ल्याखाली. सुट्ट्या पैशांवरून इतकी भांडणं मी नंतर कुठल्याच नोकरीत बघितली नाहीत.

---

ब्रेक शिफ्टबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही?? ११ ते ३ आणि परत ७ ते ११. मधल्या चार तासांत बदलापूरला जाऊन येता येत नाही, मग बँक्वेटच्या मागे खुर्च्यांच्या चळतीआड टेबलक्लॉथ अंथरून झोपायचो. आणि फुकट जेवण म्हणाल तर स्टाफ कॅफेटेरियात रोज डाळ-भात, वर बुफे कितीही उरलेला असो. भाच्याला सांगा, ३१ डिसेंबरची सुट्टी विसर.

---

सगळ्यांना थँक्यू, दिलं त्याला वाचायला. बाकी काही नाही, एकच विचारलं, "मावशी, टेबलक्लॉथ धुतलेला असायचा का गं?"

---

धुवायला निघालेला असायचा.