गिरणगावातल्या एका खोलीत पंधरा-वीस जण कसे राहायचे?

काळाचौकी_नाका: लालबाग-परळच्या चाळींवर लेख लिहितोय. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस माणसं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पाळ्यांमुळे आलटूनपालटून झोपायचे, एवढं उत्तर पुरेसं आहे का? आणि बीडीडी चाळी गिरणीमालकांच्याच ना?

साचेखाते: पुरेसं नाही. सकाळी ७ ते ३:३०, मग रात्री १२ पर्यंत आणि त्यानंतर रात्रपाळी, ही घडी बसल्यावर अंथरूण पाळीने वापरणं जमलं. त्याआधी गिरणी दिवसभर चालायची, म्हणजे सगळे एकदमच परतायचे. मग उरलेले गॅलरीत, जिन्याखाली, फूटपाथवर पथारी टाकायचे. शिवाय ही कुटुंबं नव्हेत. एका गावच्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली ती खोली, म्हणजे गाळा. बायकामुलं कोकणात नाहीतर घाटावर. माणशी एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीतली एक खुंटी. चूल पेटवायची गरजच नसे, कारण जेवण खाणावळीत.

पोळीभाजी: खाणावळीला लेखात नीट जागा द्या, गाळा तिच्या जिवावर चालायचा. खाणावळ चालवणारी बाई स्वतःच्या खोलीत रांधायची, हिशेब पगाराला. घोळ बदली कामगारांचा. कायम माणूस गैरहजर असेल तरच त्यांना काम, त्यामुळे महिन्याला किती खाडे पडतील याचा नेम नाही. त्यांचं बिल थकलं की बाई वाण्याचं देणं सावकाराकडून भागवणार, तेही जबर व्याजाने. ही साखळी तोडायला कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गडी गावाला गेले आणि खाणावळी ओस पडल्या. संपावरच्या लिखाणात या बायका फार कमी दिसतात, याचं वाईट वाटतं.

वरळी_१६०: बीडीडी चाळी सरकारी. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधल्या, त्यासाठी कापसाच्या गाठीमागे १ रुपया कर लावला होता. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ इमारती होत्या. तळमजला अधिक तीन, मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फूट, संडास सामाईक. ओळखायला सोपं: बीडीडीत काँक्रीट आणि मधल्या बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या, खासगी चाळीत बहुधा लाकडी खांब आणि बाहेरून गॅलरी. तुमची दहा बाय बारा म्हणजे १२० चौरस फूट, तेव्हा ते माप बीडीडीला लावू नका.