पाणबुडी सिम्युलेटर: रिलेटिव्ह बेअरिंग आणि ट्रू कोर्सचा घोळ, सल्ला हवा

दर्यासारंग_नवा:
सायलेंट हंटर ३ घेतलाय. टॉर्पेडोचं गणित ऑटोवर ठेवलं की मजा येत नाही, म्हणून मॅन्युअल सुरू केलं. माझा कोर्स (जायची दिशा, उत्तरेपासून अंशांत) ०७५. हायड्रोफोनवाला (पाण्यातले आवाज ऐकणारा) सांगतो, व्यापारी जहाज, बेअरिंग ३१० (ते कुठल्या दिशेला आहे तो कोन). नकाशावर ही रेघ नक्की कुठून कुठे ओढायची? आणि त्या जहाजाचा कोर्स यातून कसा काढायचा? शिकायला हाच गेम बरा की दुसरा एखादा? मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल), कागदी तक्ता, काहीही चालेल. जाणकारांनी कृपया सांगावं.

बोसन_काका:
गेममध्ये हायड्रोफोन, पेरिस्कोप आणि टेहळणीवाले तिघेही रिलेटिव्ह आकडा देतात. पाणबुडीच्या नाकासमोर ०००, तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजायचं. नकाशा मात्र उत्तरेला बांधलेला. त्यामुळे बेरीज करायची: ०७५ + ३१० = ३८५, वजा ३६०, म्हणजे ०२५. ही ट्रू बेअरिंग. नकाशावर आपल्या पाणबुडीपासून ०२५ची रेघ ओढा, जहाज त्या रेघेवर कुठेतरी आहे.

'देवळाच्या पूर्वेला' आणि 'डाव्या हाताला' यात जो फरक, तोच इथे. आपण वळलो की डावा हात बदलतो, पूर्व बदलत नाही. समजा तुम्ही १२० वर वळलात. जहाज तिथेच असलं तरी तुमचा माणूस आता २६५ म्हणेल. म्हणून वहीत रिलेटिव्ह आकडा कधीच नुसता लिहू नका. त्या क्षणाचं आपलं हेडिंग (नाकाची दिशा) शेजारी लिहा, नाहीतर लगेच ट्रू करून टाका. पाच मिनिटांनी तो ३१० निव्वळ रद्दी असतो.

थर्डमेट_नेरुळ:
काकांशी सहमत. मी मर्चंट नेव्हीत आहे. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत (१९७२चे, नियम ७) धोका ओळखायला कंपास बेअरिंग बदलतेय का ते बघा असं लिहिलंय. रिलेटिव्ह बघत बसलात तर स्वतःचंच जहाज जरा डोललं की समोरचं हलल्यासारखं वाटतं. रडारही मी नॉर्थ-अप (उत्तर कायम वर) ठेवतो, त्यामागे हेच कारण.

खऱ्या यू-बोटींवर (महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्या) जायरोकंपास होता, चुंबकाशिवाय चालणारा, त्यामुळे खरी उत्तर दिशा हाताशी असायची. गेममध्येही चुंबकीय फरकाची (होकायंत्राची उत्तर दिशा आणि खरी उत्तर दिशा यांतला) भानगड नाही. निम्मी डोकेदुखी तिथेच संपते, आम्हाला ती सूट नाही :)

दर्यासारंग_नवा:
ट्रू बेअरिंग कळली, आभार! पण जहाजाचा कोर्स?

बोसन_काका:
त्यासाठी एओबी लागतो, म्हणजे त्या जहाजाच्या नाकापासून आपण किती अंशांवर आहोत तो कोन. पेरिस्कोपमधून बघा. नाक उजवीकडे असेल तर आपल्याला त्याची उजवी बाजू, स्टारबोर्ड, दिसतेय. समजा अंदाज स्टारबोर्ड ६०. ट्रू बेअरिंग ०२५ उलटी केली की २०५ (जहाजावरून आपण दिसतो ती दिशा). त्यातून ६० वजा, कोर्स १४५. पोर्ट, म्हणजे डावी बाजू असती तर वजा न करता मिळवायचे.

डोळ्यांनी काढलेला एओबी भरवशाचा नसतो, विशेषतः लांबून. त्यापेक्षा नकाशावर जहाजाच्या दोन जागा टिपा आणि जोडा, कोर्स आपोआप मिळतो. वेगही तिथेच: दोन खुणांत ३ मिनिटं १५ सेकंद ठेवा, अंतर जितके शे मीटर तितके नॉट. ८०० मीटर म्हणजे ८ नॉट. ट्रू कोर्स हाती आला की हल्ला फार सोपा होतो. १४५ ला काटकोन म्हणजे ०५५ किंवा २३५. आपण त्याच्या उजव्या अंगाला, म्हणून ०५५ घ्या, नाक त्याच्या वाटेवर. आता तेच जहाज रिलेटिव्ह ३३० वर दिसेल आणि डावीकडून उजवीकडे सरकत येईल. टी-२ टॉर्पेडो ३० नॉटचा, जहाज ८चं, तर लीड (जहाज पुढे सरकणार म्हणून आधीच सोडायचा कोन) साधारण १५ अंश. पेरिस्कोप ३४५ वर लावा, टॉर्पेडोचं गणित करणाऱ्या यंत्रात एओबी स्टारबोर्ड ७५ आणि वेग ८ भरा, जहाजाचा मधला भाग पेरिस्कोपमधल्या उभ्या रेघेवर आला की टॉर्पेडो सोडा. जायरो कोन (सुटल्यावर टॉर्पेडो किती वळणार तो) शून्याजवळ आहे ना तेवढं बघून घ्या.

शांत_खोली:
गेमबद्दल माझं मत: सायलेंट हंटर ३ वरच थांबा, सोबत जीडब्ल्यूएक्स मॉड. जुना आहे (२००५), पण सगळं हाताने करायला लावतो. यूबोट हा गेम दिसायला झकास आणि त्यात अधिकारी मोजमाप करून देतात, म्हणूनच शिकण्यासाठी तो दुसऱ्या नंबरवर. कोल्ड वॉटर्समध्ये तर लक्ष्याचं गणित खलाशीच सोडवतात, या कामासाठी निरुपयोगी.

थर्डमेट_नेरुळ:
गेमबद्दल मतभेद :) यूबोटमध्ये अधिकाऱ्याचं उत्तर झाकून आधी स्वतः काढा आणि मग ताडून बघा. असा तपासनीस सायलेंट हंटर मॅन्युअलवर खेळताना मिळत नाही. कागदी सामानात गोल कोनमापक आणि पारदर्शक पट्टी, दुकानात सहज मिळतात. जर्मन कमांडरांची अटॅक डिस्क म्हणजे तरी काय, एकावर एक फिरणाऱ्या चकत्या: आपला कोर्स, बेअरिंग, लक्ष्याचा कोर्स. पुठ्ठ्याच्या तीन चकत्या आणि मधे टाचणी, घरी बनते.

दर्यासारंग_नवा:
चकत्या बनवतो. नकाशावर ०२५ची रेघ मोजायची कशी? गेममधला कोनमापक उत्तर दिशा दाखवत नाही.

बोसन_काका:
आधी पाणबुडीपासून सरळ वर उत्तरेची रेघ ओढा, मग कोनमापकाने तिच्यापासून मोजा. आणि रेघ ओढेपर्यंत सुकाणूला हात लावू नका.