बाटल्यांवरचा पांढरा थर काही केल्या निघत नाही, उपाय सुचवा

धागाकर्ती
घरी बिअर किंवा मीड (मधाची दारू) करणाऱ्यांना विचारतेय. जुन्या बाटल्यांची लेबलं निघावीत म्हणून त्या धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर बुडवल्या होत्या. लेबलं सुटली, पण बाटल्या वाळल्यावर काचेवर आतून-बाहेरून पांढुरकी झाक आली. ओली असेपर्यंत काच स्वच्छ दिसते, वाळली की पुन्हा धुरकट. ब्रश झाला, भांड्यांचा साबण झाला, फरक शून्य. आमचं पाणी चांगलंच जड आहे. शिवाय उकळायच्या स्टीलच्या पातेल्याच्या तळाशी पिवळट-तपकिरी कवच धरलंय, ते वेगळंच काहीतरी वाटतं. दोन्हींवर काय करू?

फेसाळ
जड पाण्यात सोडा घातला की हे व्हायचंच. पाण्यातलं कॅल्शियम सोड्यातल्या कार्बोनेटला धरतं आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, काचेवर बसतो. साबण तेलकटपणा काढेल, खडूला त्याचं काही वाटत नाही. तिथे आम्लच हवं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून बाटल्या अर्धा तास भरून ठेवा, नाहीतर लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर सायट्रिक अ‍ॅसिड. मला सायट्रिक बरं वाटतं, मागे वास राहत नाही.
आधी एका बाटलीवर व्हिनेगरचा थेंब टाकून बघा. थर जाड असेल तर बारीक बुडबुडे येतील. पातळ असेल तर बुडबुडे दिसणार नाहीत, पण पुसल्यावर तेवढीच जागा लख्ख होईल.

जुनी_बाटली
फेसाळ यांच्याशी सहमत. फक्त सायट्रिकचं पाणी उकळू नका. थर जाड असेल तर त्यातून कॅल्शियम सायट्रेट तयार होतं, ते गरम पाण्यात कमी विरघळतं आणि नवाच पांढरा साका बसतो. कोमट पुरे.
आणि ताई, एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते: बाटल्यांना आधी ब्लीच लावलं असेल तर ते पूर्ण धुऊन निघाल्याशिवाय व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल जवळ आणू नका. दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

तांब्याची_गुंडाळी
पातेल्यातलं कवच बहुतेक बीअरस्टोन आहे. माल्टमधलं (मोड आणून वाळवलेल्या धान्यातलं) ऑक्झॅलेट आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून तो बनतो, आणि त्यात प्रथिनं अडकलेली असतात, म्हणून रंग पिवळट-तपकिरी. नुसतं व्हिनेगर ओतून हा हलत नाही, कारण प्रथिनांचं आवरण आम्लाला आत शिरू देत नाही. आधी सोडियम परकार्बोनेटच्या (ऑक्सिजन सोडणाऱ्या धुण्याच्या पावडरीच्या) गरम पाण्यात भिजवा, म्हणजे प्रथिनं सैल होतील. मग भरपूर पाण्याने धुवा आणि त्यानंतरच आम्ल. सायट्रिकने काम हळू होतं, एक-दोनदा करावं लागेल. दारूभट्ट्यांत यासाठी फॉस्फोरिक आणि नायट्रिक आम्लांचं मिश्रण असलेला क्लीनर वापरतात. तो आणलात तर हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही.
तारेच्या घासणीला हात लावू नका. स्टीलवर ओरखडे पडतात आणि पुढचा थर त्यांतच रुजतो. हा थर नुसता दिसायला वाईट असता तर सोडून द्या म्हटलं असतं, पण त्याच्या खाचांत जंतू दडतात आणि सॅनिटायझर तिथवर पोचत नाही. चांगली झालेली बिअर आंबट होण्यामागे पुष्कळदा हेच असतं.
पातेलं अ‍ॅल्युमिनियमचं असतं तर परकार्बोनेट नको म्हटलं असतं, ते काळं पडतं.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार! सायट्रिकने बहुतेक बाटल्या चकाचक झाल्या, थर अक्षरशः डोळ्यांदेखत गेला. पातेलं आता परकार्बोनेटमध्ये आहे. पण काही बाटल्या मानेपाशी अजून धुरकटच आहेत, आम्लाचा काहीच परिणाम नाही.

जुनी_बाटली
त्यांवर नखाचं टोक फिरवा. खरवडून काहीच निघत नसेल तर तो थर नाही, काचच झिजलीय. तीव्र अल्कलीत काच फार वेळ राहिली की पृष्ठभाग हळूहळू विरघळतो, आणि जुन्या बाटल्या असे बरेच सोडे पचवून आलेल्या असतात. ते परत येत नाही. फसफसणाऱ्या बिअरसाठी मी अशा बाटल्या वापरत नाही, आत दाब असतो. बिनफेसाच्या मीडला चालतील. तोंडाशी टवका असेल तर मात्र सरळ टाकून द्या.

फेसाळ
पुढच्या वेळी लेबलं सुटली की लगेच बाटल्या बाहेर काढा, रात्रभराची गरज नसते. आणि सोड्यातून काढलेली बाटली तशीच वाळू देऊ नका. ओली असतानाच साध्या पाण्याने धुवा, मग चमचाभर व्हिनेगर घातलेल्या बादलीत बुचकळा, शेवटचं पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड घ्या आणि बाटली उलटी टांगून निथळू द्या.