‘ॲव्हरेज किती देते?’ : डिझेल घेतली की पेट्रोल, आणि पुढे काय झालं

दुसरा गिअर
काल सिग्नलला थांबले होते. पुढच्या गाडीच्या बंपरवर डाव्या कोपऱ्यात ओळखीचा ओरखडा दिसला आणि काळजात लक्क झालं. तो मीच पाडलेला, रिव्हर्स घेताना गेटच्या खांबावर. आमचीच जुनी डिझेल! सिग्नल सुटला, तिने काळ्या धुराचा एक फुत्कार टाकला आणि गेली. मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा मी भानावर आले.

ती घेताना आम्ही दोघांनी बसून मोठा तक्ता केला होता. पेट्रोल लिटरला 15, डिझेल 20, रनिंग महिन्याला 1500 किमी. ते 1500 कुठून आलं हे आजही सांगता येणार नाही. ऑफिस 6 किमीवर. पण ‘गाडी आली की फिरणारच ना आपण, दर शनिवार-रविवार’ असं ठरलं होतं. दर शनिवार-रविवार आम्ही झोपलो. पाच वर्षांनी विकली तेव्हा मीटरवर 41,000. महिन्याला 700 सुद्धा नाही.

विकल्यावर एकदा उलटा हिशेब केला. दर सारखे बदलतात म्हणून पैशांत नाही, लिटरमध्ये. 1000 किमीला पेट्रोलगाडी 67 लिटर पिते, डिझेल 50. वाचले 17. म्हणजे 41,000 ला साधारण 700 लिटर. आणि डिझेल मॉडेलसाठी जे जास्तीचे मोजले होते, त्यात तेव्हा 1400 लिटर पेट्रोल आलं असतं! निम्म्या वाटेवरच विकली की. यात दोन्हींचा दर एकच धरलाय, आणि सर्व्हिसिंग, विमा, कर्जाचं व्याज यातलं काहीच धरलेलं नाही. ते धरायची हिंमत झाली नाही.

तर तुम्ही काय घेतलं, काय म्हणून घेतलं आणि पुढे काय झालं? रनिंग खरं लिहा हं.

घरघर
‘दर शनिवार-रविवार आम्ही झोपलो’ 😄 आमच्याकडे दर शनिवार-रविवार गाडी धुतली जायची. चालली नाही पण चमकली खूप.

बारा-तेराचा पाना
गॅरेजमध्ये आहे, हात काळे आहेत, थोडक्यात लिहितो.
आजकालच्या डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेत काजळीची गाळणी असते, डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला ती 600 अंशांच्या आसपास तापावी लागते. गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून ती तापवते, पण त्याला सलग 15-20 मिनिटं बऱ्या वेगात चालणं लागतं. तुमचं ऑफिस 6 किमीवर. जाळायला सुरुवात होते न होते तोवर तुम्ही पोचता आणि चावी काढता. राहिलं अर्धवट. असं पाच-सात वेळा झालं की दिवा लागतो. दिवा लागल्यावर लोक काय करतात? काही नाही. दिवाच तर आहे.
आता गंमत ऐका. ते जास्तीचं डिझेल सगळं जळत नाही, थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढली की पातळी वाढलेली दिसते. गिऱ्हाईक खूश, म्हणतं बघा, माझी गाडी थेंबभर ऑइल खात नाही. अहो ते ऑइल नाही, डिझेल आहे! पातळ झालेल्या त्या ऑइलवर टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) आणि बेअरिंगं चालतायत. लोक गाळणीला घाबरतात, माझ्या मते खरा खर्च या पातळ ऑइलपासून सुरू होतो.
थोडक्यात काही झालं नाही, माफ करा.

निवांत
पाना, तुमचा तो दिवा मला लागला होता. पुस्तिकेत लिहिलं होतं मोकळ्या रस्त्यावर 20 मिनिटं चालवा. रात्री साडेअकराला बायकोला म्हटलं, गाडी फिरवून आणतो, इंजिनाची काजळी जाळायचीय. तिचा अजिबात विश्वास बसेना. शेवटी ती पण चपला घालून आली. दोन दिवसांचा अबोला चालू होता, तो विसाव्या किमीला सुटला. दिवा गेला, चार लिटर डिझेल गेलं. हे तक्त्याच्या कुठल्या रकान्यात लिहायचं?

दुसरा गिअर
निवांत, तुमच्यासाठी वेगळा रकाना काढते 😄

लांबचा पल्ला
सगळे मिळून बिचाऱ्या डिझेलला झोडपताय. माझं रनिंग रोज 110 किमी, कामाचंच. नऊ वर्षांत 2,90,000 झाले. गिअरताईंच्याच मापाने मोजलं तर पाच हजार लिटरच्या आसपास वाचले. खर्च लपवत नाही: टायमिंग बेल्ट दोनदा, इंजेक्टर एक संच, टर्बो एकदा, आणि क्लच. क्लचबरोबर ते डुएल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचे हादरे शोषणारं जड चाक, पण गेलं. ते बिल बघून मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो होतो. तरीही सगळं वजा जाता पुढेच आहे. आणि चढाला चौथ्या गिअरमध्ये मुकाट चढते हो, पेट्रोलवाल्यासारखा गिअरशी खेळत बसावं लागत नाही. दिवसाचे तीन तास गाडीत काढणाऱ्याला ते कळतं. डिझेलला शिव्या देणाऱ्याने आधी मीटरचा फोटो टाकावा.

घरघर
मीटरचा फोटो टाकला तर गाडी नवीन आहे म्हणाल.

कपडे वाळत
वाचतेय. माझा किस्सा आहे पण मशीन थांबलंय, वाळत घालून येते.

आकडेमोड
पल्ला, तुमचं रनिंग बघता डिझेलच बरोबर. पण ॲव्हरेजबद्दल एक सांगतो. लिटरभर डिझेलमध्ये मुळातच लिटरभर पेट्रोलपेक्षा 12 टक्क्यांच्या आसपास जास्त ऊर्जा असते. म्हणजे 20 विरुद्ध 15 यातला काही भाग इंजिनाची हुशारी नाहीच, लिटरच दाट आहे. धुराचंही तसंच. लिटर पेट्रोल जळलं की 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेल जळलं की 2.7. ‘कमी पिते म्हणजे तेवढीच स्वच्छ’ असं थेट होत नाही.
आणि छोटी डिझेल महाग का? रुडॉल्फ डिझेलने 1893 मध्ये पेटंट घेतलं त्यात ठिणगी नव्हतीच. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की इंधन आपसूक पेटेल. तो दाब सोसायला इंजिन दणकट लागतं. आज त्यावर टर्बो, 2000 बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या दोन हजार पटीच्या, घरात इंधन फवारणारे इंजेक्टर, गाळणी. गाडी छोटी आहे म्हणून यातलं काही अर्ध्या किमतीत मिळत नाही. मोठ्या गाडीच्या किमतीत हा खर्च लपून जातो, छोटीत उघडा पडतो. फियाटचं 1.3 मल्टिजेट 2003 मध्ये आलं आणि ओपेल, सुझुकी अशा कितीतरी गाड्यांत बसलं, कारण ते एकट्या छोट्या गाडीसाठी काढून परवडणारंच नव्हतं. उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले तशी कंपन्यांनी छोट्या गाड्यांतून डिझेल का काढली, त्याचं उत्तर यातच आहे.

घरघर
‘लिटरच दाट आहे’ हे मी आता घरी प्रत्येक बाबतीत वापरणार.

चुकीची नळी
आयडी बघून कळलं असेलच. माझी पेट्रोल, सासऱ्यांची डिझेल. त्या दिवशी त्यांची घेऊन गेले होते आणि पंपावर सवयीने ‘पेट्रोल, फुल’. कानाला फोन. दोन किमीवर गाडी आचके देत बंद. टाकी उतरवली, सगळी लाइन धुतली, पंप आणि इंजेक्टर बदलले. त्या एका टाकीत बाबांची चार वर्षांची बचत गेली. ते एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी टाकीच्या झाकणाच्या आत ब्रशने जाडजूड अक्षरात ‘डिझेल’ लिहून ठेवलं. तीन वर्षं झाली, दर वेळी ते वाचते आणि दर वेळी कान गरम होतात.

बारा-तेराचा पाना
नळीताई, हे फक्त तुमचं नाही. पेट्रोलची नळी बारीक असते, डिझेलच्या टाकीत आरामात जाते. उलटं सहसा होत नाही, डिझेलची जाड नळी पेट्रोलच्या टाकीत शिरतच नाही. आणि डिझेलचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, पेट्रोल ते धुऊन टाकतं, मग धातूचा बारीक चुरा पुढे इंजेक्टरपर्यंत. कुणाचं असं झालं तर चावी फिरवू नका. इग्निशनसुद्धा नाही. जागेवरच टाकी रिकामी करा, स्वस्तात सुटाल.

चुकीची नळी
हे तीन वर्षांपूर्वी सांगायचं होतंत दादा.

नवा भिडू
नमस्कार, माझं रनिंग महिन्याला 900 आहे. काय घेऊ?

बॅटरीवाला
दोन्ही सोडा. इलेक्ट्रिक घ्या.

लांबचा पल्ला
आला. वाटच बघत होतो.

आकडेमोड
भिडू, वर्षाचे 10,800 किमी. ताईंच्या मापाने वर्षाला 184 लिटर वाचतील. दोन मॉडेलांच्या किमतीतला फरक लिटरमध्ये काढा आणि 184 ने भागा. ताईंचे 1400 धरले तर साडेसात वर्षं. तेवढी ठेवणार आहात का ते तुम्ही बघा. तुमच्याकडे डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त असेल तर लवकर फिटेल, महाग असेल तर उशिरा. ते 900 खरे आहेत ना?

नवा भिडू
मागच्या महिन्यात 900 झाले. एक लग्न होतं.

थेंबे थेंबे
पेट्रोलवाल्यांनी फार हुरळू नये म्हणून लिहिते. मी ‘कटकट नको’ म्हणून छोटी टर्बो पेट्रोल घेतली. कागदावर 18. गर्दीत 11. पाय जरा जड पडला की टर्बो पाणी प्यायल्यासारखी पिते. ही थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारी, त्यामुळे झडपांवर इंधनाचा शिडकावा होत नाही आणि मागून कार्बनचे थर चढतात. ते खरवडायला द्यावी लागली. नव्या पेट्रोल गाड्यांत काजळीची गाळणी पण यायला लागलीय. जुनं साधं पेट्रोल इंजिन आणि आजचं छोटं टर्बो यांना एकाच रकान्यात टाकू नका. ताई, तुमचे 15 कुठल्या इंजिनाचे?

दुसरा गिअर
साध्याचे. टर्बो तेव्हा आमच्या यादीत नव्हती.

दुसरा मालक
मी आयुष्यात नवी गाडी घेतलेली नाही. तुमच्या सगळ्यांच्या चुकांवर जगतो. पाच वर्षांची, फक्त 40,000 चाललेली डिझेल दिसली की लोक म्हणतात व्वा, आणि मी पळतो. ती गाडी आयुष्यभर थंडच चाललेली असते. त्यापेक्षा दीड लाख चाललेली, सर्व्हिसची सगळी बिलं असलेली लांब पल्ल्याची मी डोळे झाकून, म्हणजे डिपस्टिक बघून, घेतो. घरचे वेडा म्हणतात. फसलोय एकदाच, ती धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाच्या पाण्याची, निळ्या झाकणाची वेगळी टाकी असलेली होती. इशारा येत होता, म्हटलं इंधन तर आहे. युरियाची टाकी पूर्ण संपली, गाडी बंद केली, आणि परत चालूच होईना. इंजिनाला काही झालं नव्हतं. नियमच तसा.
आणि डिझेल घेताना शहराचे नियम बघा. जर्मनीतल्या हॅम्बुर्गने 2018 मध्ये दोन रस्त्यांवर जुन्या डिझेल बंद केल्या. गाडी चांगली असून दारात जाता येत नाही म्हटल्यावर विकताना काय भाव येणार?
दुसरा गिअर, तुमची ती फुत्कारवाली माझ्याकडे नाही हे आधीच सांगतो.

बारा-तेराचा पाना
त्या फुत्काराबद्दल विचारायचंच होतं. ताई, तुमची गाळणीवाली होती का? होती तर काळा धूर दिसायलाच नको. गाळणी तुंबली की काही लोक ती आतून फोडून रिकामी करतात, बाहेरून जशीच्या तशी. म्हणजे तुमचा न केलेला खर्च त्या माणसाने असा वाचवला.

दुसरा गिअर
होती. विकायच्या आधी दोन महिने दिवा लागत होता. आता मला वाईट वाटायला लागलंय.

घरघर
वाईट वाटून घेऊ नका. लिटर दाट आहे.

दुसरा गिअर
नवरा मागे उभा राहून सगळं वाचतोय. म्हणतो ते 1500 मी नाही, तू धरलेस. जुना तक्ता शोधायला गेलाय, फाइलींच्या कपाटातून आवाज येतायत.

कपडे वाळत
आले. अरे, केवढं पुढे गेलात. माझा किस्सा नळीताईंसारखाच होता, फक्त माझ्याकडे सासरे बोलले होते.

दुसरा गिअर
तक्ता सापडला. अक्षर माझं आहे. 1500 च्या शेजारी कंसात ‘किमान’ लिहिलंय.

निवांत
मंडळी, दिवा परत लागलाय. आम्ही दोघं निघतो.

नवा भिडू
सगळं वाचलं, खूप माहिती मिळाली. मग 900 ला काय घेऊ?