पाइपलाइन एडीसीमधील वीजवापर कमी करण्याची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न

नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी १२ बिटांच्या आणि सेकंदाला ५ कोटी नमुने घेणाऱ्या पाइपलाइन एडीसीचे (ॲनालॉग सिग्नलचे टप्प्याटप्प्याने डिजिटल आकड्यांत रूपांतर करणाऱ्या सर्किटचे) डिझाइन करत आहे. तंत्रज्ञान १८० नॅनोमीटर सीमॉस असून पुरवठा १.८ व्होल्टचा आहे आणि डिफरेन्शियल इनपुटची व्याप्ती उणे १ ते अधिक १ व्होल्ट आहे. रचना रूढ पद्धतीची आहे: आरंभी सॅम्पल-अँड-होल्ड (इनपुटचा नमुना घेऊन तो धरून ठेवणारे सर्किट), त्यानंतर दीड बिटाच्या (तीन पातळ्यांत निर्णय घेणाऱ्या) दहा स्टेजेस आणि शेवटी २ बिटांचा फ्लॅश (सर्व तुलना एकाच वेळी करणारा एडीसी).

सिम्युलेशनमध्ये एकूण वीजवापर ११८ मिलिवॅट येतो. त्यातले ७९ मिलिवॅट अकरा ऑपॲम्पमध्ये (सिग्नल वाढवणारे ॲम्प्लिफायर), १८ रेफरन्स बफरमध्ये (संदर्भ व्होल्टेज पुरवणारे सर्किट), १२ कंपॅरेटरच्या (व्होल्टेजची तुलना करणाऱ्या सर्किटच्या) प्रीॲम्पमध्ये आणि उरलेले ९ क्लॉक व डिजिटल भागात जातात. मला हा आकडा ६० च्या खाली आणायचा आहे. पहिल्या स्टेजचा ऑपॲम्प मी बराच वेळ देऊन नीट बसवला आणि वेळेअभावी तोच सर्व स्टेजेसमध्ये, २ पिकोफॅरडच्या त्याच सॅम्पलिंग कपॅसिटरसह, जसाच्या तसा वापरला. बायस करंट कमी केला की सेटलिंग (आउटपुट अंतिम मूल्यावर स्थिरावणे) अपुरे राहते आणि बिटांची परिणामकारक संख्या लगेच घसरते. शेजारच्या दोन स्टेजेसमध्ये एकच ऑपॲम्प वाटून घेतला तर वापर निम्मा होतो असे वाचले आहे. तो मार्ग धरावा का?

पहिला प्रतिसाद

ऑपॲम्प वाटून घेण्याआधी, सर्व स्टेजेस सारख्या का आहेत, हा प्रश्न स्वतःला विचारावा, कारण आपली बहुतेक वीज तिथेच वाया जात आहे.

प्रत्येक स्टेजचा गेन (सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) २ आहे. त्यामुळे दुसऱ्या स्टेजच्या नॉइजची शक्ती इनपुटशी मोजताना ४ ने भागली जाते, तिसरीची १६ ने, आणि पुढेही असेच. एका स्टेजचे नॉइज १ धरले, तर दहा समान स्टेजेसचे मिळून साधारण १.३३ होते आणि सॅम्पल-अँड-होल्डचे १ धरून एकूण २.३३ होते. याचा अर्थ असा की आठव्या किंवा नवव्या स्टेजमध्ये आपण जो २ पिकोफॅरडचा कपॅसिटर ठेवला आहे आणि तो हलवण्यासाठी जो करंट खर्च करत आहात, त्याचा अचूकतेला जवळजवळ काहीही उपयोग होत नाही.

आता पहिली स्टेज तशीच ठेवा, दुसरी निम्मी करा, तिसरी पाव करा आणि तिथून पुढे सर्व पाव ठेवा. त्याहून लहान करत गेल्यास पॅरासिटिक कपॅसिटन्स (तारा आणि ट्रान्झिस्टरांचा नको असलेला कपॅसिटन्स) वरचढ होतो आणि प्रत्येक स्टेजचा लेआउट नव्याने करावा लागतो, म्हणून मी सहसा तिथेच थांबतो. आजच्या एका ऑपॲम्पचा वीजवापर १ एकक धरला, तर दहा स्टेजेसचा ऑपॲम्पचा खर्च १० एककांवरून ३.५ एककांवर येतो. नॉइज १.३३ वरून १.८३ होते, म्हणजे ते वाढते, पण खर्चाच्या मानाने ही वाढ फारच थोडी आहे. आपल्या २ पिकोफॅरडवर, दोन्ही बाजू धरून, कपॅसिटरचे तापीय नॉइज सुमारे ६४ मायक्रोव्होल्ट येते आणि १२ बिटांचे क्वांटायझेशन नॉइज सुमारे १४१ मायक्रोव्होल्ट असते. त्यामुळे थोडी वाढ सोसण्याइतकी जागा आपल्याकडे आहे. अर्थात ऑपॲम्पचे स्वतःचे नॉइजही या हिशेबात धरावे लागेल.

आणखी एक लाभ अनेकदा नजरेतून सुटतो. पहिल्या स्टेजच्या ऑपॲम्पवरचा मुख्य भार हा दुसऱ्या स्टेजचा सॅम्पलिंग कपॅसिटर असतो. तो २ वरून १ पिकोफॅरड झाला की पहिल्या ऑपॲम्पचा भार, फीडबॅकमधला अर्धा पिकोफॅरड धरून, २.५ वरून १.५ पिकोफॅरडवर येतो. म्हणजे आकार न बदललेल्या स्टेजचाही करंट कमी करता येतो. मात्र भार घटला की ऑपॲम्पचे नॉइज वाढते, त्यामुळे इथे एकदम हात सैल सोडू नये.

अचूकतेची गरजही स्टेजगणिक उतरत जाते. पहिल्या स्टेजच्या मागे अजून ११ बिट ठरायचे असल्यामुळे तिला सुमारे ७८ डेसिबल गेन आणि ८.३ टाइम कॉन्स्टंट (स्थिरावण्याच्या वेगाचे माप) इतके सेटलिंग लागते. पुढच्या प्रत्येक स्टेजला ६ डेसिबल आणि ०.७ टाइम कॉन्स्टंट कमी पुरतात. पाचव्या स्टेजला ५४ डेसिबल पुरेसे असताना तिथे गेन-बूस्टिंगचे (गेन वाढवण्यासाठीचे) सहायक ॲम्प्लिफायर ठेवणे म्हणजे निव्वळ करंट जाळणे होय.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात एवढीच भर घालतो की आरंभीचे सॅम्पल-अँड-होल्ड काढून टाकण्याचा विचार आपण गांभीर्याने करावा. ते सर्वांत महागडे आहे, कारण त्याचे नॉइज कशानेही भागले जात नाही आणि अचूकता मात्र पूर्ण लागते. स्केलिंगनंतर, म्हणजे वरीलप्रमाणे पुढच्या स्टेजेस लहान केल्यावर, ते ठेवले तर एकूण नॉइज २.८३ होईल. काढले तर १.८३, म्हणजे आजच्या २.३३ पेक्षाही कमी. ऑपॲम्पचा खर्चही ३.५ एककांच्या, म्हणजे सुमारे २५ मिलिवॅटच्या, आसपास येईल.

याची किंमत अशी की पहिल्या स्टेजमधील कंपॅरेटर आणि कपॅसिटरचा मार्ग हे दोघे बदलत्या इनपुटचा नमुना स्वतंत्रपणे घेतात आणि त्यांच्या क्षणांत थोडाही फरक पडला की कंपॅरेटरला वेगळाच व्होल्टेज दिसतो. दीड बिटाच्या स्टेजमध्ये रेफरन्सच्या एक चतुर्थांशापर्यंतची, म्हणजे आपल्याकडे २५० मिलिव्होल्टची, चूक डिजिटल दुरुस्तीत सामावते. २५ मेगाहर्ट्झच्या पूर्ण व्याप्तीच्या साइन तरंगाचा सर्वांत तीव्र चढ पिकोसेकंदाला ०.१५७ मिलिव्होल्ट असतो. त्यामुळे दोन मार्गांत १०० पिकोसेकंदांचा फरक पडला तरी चूक १६ मिलिव्होल्टच होते. हाच एडीसी २०० मेगाहर्ट्झच्या इनपुटवर अंडरसॅम्पलिंगसाठी (नमुना-दराच्या निम्म्याहून जास्त वारंवारतेचे इनपुट घेण्यासाठी) वापरायचा असेल, तर तेवढ्याच फरकाने १२६ मिलिव्होल्ट जातात आणि कंपॅरेटरच्या ऑफसेटला (तुलनेच्या पातळीतील चुकीला) निम्मीच जागा उरते. म्हणून आधी इनपुटची कमाल वारंवारता निश्चित करावी आणि दोन्ही मार्गांतील स्विचचा रोध व कपॅसिटर एकाच प्रमाणात ठेवावेत. कंपॅरेटरला निर्णयासाठी लागणारा वेळ १० नॅनोसेकंदांच्या ॲम्प्लिफिकेशनच्या कालखंडातून वजा होतो, हेही विसरू नये. मी एका डिझाइनमध्ये तो धरायला विसरलो होतो आणि स्लो कॉर्नरवर (ट्रान्झिस्टर सर्वांत मंद असण्याच्या स्थितीत) पहिली स्टेज सेटल होईना. कारण सापडण्यात बरेच दिवस गेले.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. माझे इनपुट २५ मेगाहर्ट्झच्या पुढे जाणार नाही, त्यामुळे सॅम्पल-अँड-होल्ड काढण्याचे ठरवले आहे. स्केलिंगचा हिशेब कागदावर करून पाहिला आणि तो जुळला. तरीही एक शंका उरते: आता याच्या जोडीला ऑपॲम्प वाटून घेतले, तर वापर पुन्हा निम्मा होईल ना?

पहिला प्रतिसाद देणारे

नाही, निम्मा होणार नाही. दोन स्टेजेसमध्ये वाटलेला ऑपॲम्प त्यांतल्या मोठ्या स्टेजच्या मापाचा असावा लागतो. समान स्टेजेस असताना १० चे ५ होतात, परंतु स्केलिंगनंतर ३.५ चे २ च होतात. त्यातही पहिल्या जोडीत फक्त अर्धे एकक वाचते आणि त्यासाठी सर्वांत नाजूक स्टेज धोक्यात घालावी लागते. वाटलेला ऑपॲम्प क्लॉकच्या दोन्ही फेजमध्ये कामात राहतो, त्यामुळे त्याच्या इनपुटवरील पॅरासिटिक कपॅसिटर कधीच रीसेट होत नाही. ऑपॲम्पचा गेन मर्यादित असल्यामुळे मागच्या नमुन्याचा काही अंश पुढच्यात मिसळतो. जोडणीच्या स्विचचा रोधही सेटलिंग मंदावतो. तिसऱ्यापासून दहाव्या स्टेजपर्यंतच्या चार जोड्यांत मात्र अचूकतेची मागणी कमी असल्याने ही चूक खपते. तिथे वाटून घेतल्यास आणखी एक एकक, म्हणजे सुमारे ७ मिलिवॅट, वाचेल. माझ्या मते पहिल्या दोन स्टेजेस स्वतंत्रच ठेवाव्यात.

तिसरा प्रतिसाद

ऑपॲम्पखेरीजच्या ३९ मिलिवॅटबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. २५० मिलिव्होल्ट ऑफसेट चालत असताना दीड बिटाच्या स्टेजमधील कंपॅरेटरला प्रीॲम्पची गरज नाही. स्थिर करंट न घेणारे डायनॅमिक लॅच पुरते आणि ते १२ मिलिवॅट जवळजवळ पूर्ण वाचतात. सॅम्पल-अँड-होल्ड गेल्यावर लॅचचा किकबॅक (निर्णय घेताना मागे जाणारा धक्का) थेट इनपुटपर्यंत पोहोचू शकतो, त्यामुळे पहिल्या स्टेजमध्ये तेवढा तपासून घ्यावा. रेफरन्स बफरवरचा कपॅसिटरचा भार स्केलिंगने सुमारे एक तृतीयांशावर येतो. म्हणून तो बफर शेवटी, नव्या भारासाठी, पुन्हा डिझाइन करावा. जुना तसाच ठेवू नये.

ओपन-लूप (फीडबॅकविना चालणारा) ॲम्प्लिफायर वापरून त्याची अरेषीयता डिजिटल पद्धतीने दुरुस्त करण्याचा मार्ग २००३ साली मुरमन आणि बोझर या संशोधकांनी १२ बिटांवर दाखवून दिला, आणि २०१२ मध्ये रिंग ॲम्प्लिफायर (रिंग ऑसिलेटरच्या रचनेवर आधारलेले ॲम्प्लिफायर) आले. दोन्ही कल्पना मला अत्यंत प्रिय आहेत. तरीही आपल्या उद्दिष्टासाठी त्यांची गरज पडणार नाही असे वाटते, कारण कॅलिब्रेशनचे लॉजिक लिहिणे आणि ते तपासणे हा स्वतंत्र प्रकल्पच आहे.

एक विनंती आहे. नवीन आकडे घेताना केवळ टिपिकल कॉर्नर पाहू नका. पहिल्या स्टेजचे सेटलिंग स्लो कॉर्नर, कमाल तापमान आणि १.६२ व्होल्ट पुरवठ्यावर तपासा आणि ट्रान्झियंट नॉइज (सिम्युलेशनमध्ये काळानुसार नॉइज धरण्याची सोय) चालू ठेवून स्पेक्ट्रम काढा. ऑपॲम्प वाटलेल्या जोड्यांसाठी एका टोकाचा नमुना आणि लगेच शून्याजवळचा नमुना असा क्रम द्या, म्हणजे मागच्या नमुन्याचा किती अंश शिल्लक राहतो ते थेट मोजता येईल.