क्राटेर ओळखायचा कसा आणि वाइनमध्ये पाणी किती?

घटिका: ग्रीक मद्यपात्रांची मराठीत सूची करतेय. फोटोत घंटाकृती आणि कॅलिक्स क्राटेर (वाइनमध्ये पाणी मिसळायची मोठी भांडी) मला सारखेच वाटतात. नेमकं कुठे बघायचं? आणि ‘तीनास एक’ म्हणजे तीन वाइन की तीन पाणी?

खापरतज्ज्ञ: आधी कान बघा. कॅलिक्सचे कान अगदी खाली, बुडाचा फुगवटा संपून भिंत उभी चढते तिथे असतात. घंटाकृतीचे वर, काठाच्या थोडे खाली, आडवे बसवून टोकाला उचललेले. व्हॉल्यूट क्राटेरचे कान काठाच्याही वर जाऊन गुंडाळतात, फ्लॉरेन्समधलं ६६ सेंमी उंचीचं फ्रांस्वा पात्र (इ.स.पू. ५७०च्या सुमाराचं, कुंभार एर्गोटिमोस, चित्रकार क्लेइटियास) बघा. स्तंभ-क्राटेरला दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या दांड्या आणि त्यांवर काठाला चिकटलेली सपाट पट्टी. कान नाहीत, बूडही गोल? मग तो डिनोस, त्याची बैठक वेगळी असते. ती सूचीत निराळी नोंदवा, नाहीतर उंचीचा आकडा चुकतो.

घंटाकृतीवर काळ्या आकृत्या शोधत बसू नका, तो घाट लाल आकृत्यांच्या चित्रशैलीच्या काळातला.

पाणक्या: पाणी तीन, वाइन एक. ग्रीक कवी हेसिऑडनेही हेच प्रमाण दिलंय. १४ लिटर मिश्रणाला पाणी साडेदहा, वाइन साडेतीन. पाचास दोन धरलं तर पाणी १०, वाइन ४. निम्मंनिम्म म्हणजे त्यांच्या लेखी कडकच. आजची १४ टक्क्यांची वाइन तीनास एक केली की साडेतीन टक्के उरते, बियरपेक्षाही हलकी! फक्त काठोकाठची क्षमता धरू नका, ओगराळं फिरवायला जागा लागते. आणि फ्रान्समधल्या विक्सचा कांस्य क्राटेर (१.६४ मीटर, सुमारे ११०० लिटर) सरासरीत घेतलात तर सगळा हिशेब कोलमडेल.

घटिका: आभार. सिक्टर (वाइन गार करायचं भांडं) कुठे ठेवायचा, क्राटेरच्या आत?

खापरतज्ज्ञ: हो. फुगीर पोट, खाली उंच पोकळ पाय, अळंबीसारखा दिसतो. वाइन सिक्टरमध्ये, भोवती क्राटेरमध्ये गार पाणी किंवा बर्फ. कॅलिक्सचं तोंड रुंद, म्हणून तो सहज मावतो. स्तंभ-क्राटेरची मान आड येते. काहीजण उलटं मानतात, बर्फ सिक्टरमध्ये आणि वाइन बाहेर. पण त्या अरुंद तोंडातून बर्फ ठासणं कटकटीचं, म्हणून मला पहिलंच पटतं. वाइन सिक्टरमध्ये असेल तर तो क्राटेर त्या वेळी मिश्रणपात्र नव्हताच. वापराच्या रकान्यात ‘शीतपात्र’ही लिहा.