ओंकार डीएममध्ये उभा आहे, पटकन सांगा काय मागवू

शुभदाकाकू (बी-२०४): मंडळी, जरा तातडीचं आहे. ओंकार गुरुवारी फ्रँकफर्टहून येतोय. आत्ता तिथल्या डीएम नावाच्या दुकानात उभा राहून विचारतोय, आई चेहऱ्याला काय आणू. उद्या रविवार, तिथं सगळी दुकानं बंद. माझ्या गालांवरचा वांग तुम्ही बघताच. तिकडचं सामान आपल्या कातडीला चालतं का? आणि फार महागाचं नको, त्याच्या बॅगेत आधीच भाचरांची चॉकलेटं आहेत.

सानिका (सी-७०२): काकू फाउंडेशन मागवा ना, तिथं खूप स्वस्त असतं! मलाही एक हवंय.

मंजिरी (ए-६०१): सानिका, फाउंडेशन नको. काकू, ओंकारला दहा मिनिटं थांबायला सांगा. कुकर उतरवते आणि लिहिते.

सेक्रेटरी: उद्या सकाळी ९ ते ११ टाकी सफाई. पाणी भरून ठेवावे.

मंजिरी: आले. आम्ही स्टुटगार्टला तीन वर्षं होतो, तेव्हा वापरून पाहिलेलंच सांगते.

आधी फाउंडेशनचं. गेल्या गेल्या पहिल्याच महिन्यात मी घेतलं होतं. फळीवर सहा शेड, त्यातली सगळ्यात गडद उचलली. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली मनगटावर लावून बघितली, बरी वाटली. घरी खिडकीत आरसा धरला तर गाल राख फासल्यासारखे आणि मान निराळीच. फिकं की गडद एवढ्यावर रंग ठरत नाही गं. आपल्यातल्या बहुतेकींच्या त्वचेत पिवळसर नाहीतर हिरवट झाक असते, आणि तिथल्या स्वस्तातल्या शेड बऱ्याचशा गुलाबी झाकेच्या. म्हणून आपल्यावर त्या राखाडी दिसतात. फाउंडेशन इथंच घे, जबड्याच्या कडेला लाव, दुकानाबाहेर उजेडात ये, दहा मिनिटं थांब. हवा लागल्यावर काही शेड गडद होतात, ते तेवढ्या वेळात कळतं. हे काम दुसऱ्याला सांगून होत नाही, तिथं उभ्या असलेल्या ओंकारला तर नाहीच.

सानिका: मग मेकअपचं काहीच नको का?

मंजिरी: असं नाही. मस्कारा मागव. त्याला शेड नसते, काळा तो काळाच. इसेन्स आणि कॅट्रिस हे दोन्ही ब्रँड एकाच जर्मन कंपनीचे, आणि ती कंपनी फ्रँकफर्टच्या शेजारी झुल्झबाखला आहे, म्हणजे अगदी ओंकारच्या गावचंच सामान. इसेन्सचा मस्कारा मी चार-पाच युरोला घ्यायचे. युरो शंभर रुपयांच्या आसपास धर. लिपस्टिकमध्ये तिथले न्यूड रंग घेऊ नकोस, आपल्या ओठांवर ते पांढुरके दिसतात. विटकरी, जांभळट, तपकिरी छान दिसतात. डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांना नुसता कन्सीलर लावलास तरी तो राखाडीच दिसणार, आधी नारिंगी करेक्टरचा पातळ हात द्यावा लागतो.

शुभदाकाकू: अगं माझं सांग ना. तो शेल्फसमोर उभा आहे.

मंजिरी: काकू, तुमच्यासाठी एकच गोष्ट महत्त्वाची, सनस्क्रीन. युरोपातून काही आणायचंच तर मी सगळ्यात आधी तेच आणीन. तिथं चांगले फिल्टर, म्हणजे ऊन अडवणारे घटक, कंपन्या बऱ्याच वर्षांपासून वापरताहेत आणि दुकानाच्या स्वतःच्या स्वस्त ब्रँडमध्येही ते असतात. डीएमचा सनडान्स, रॉसमन या तशाच दुसऱ्या दुकानाचा सनओझोन. चेहऱ्याची ट्यूब मला पाच युरोच्या आसपास मिळायची.

ओंकारला सांगा, तिथं एसपीएफच्या, म्हणजे उन्हापासून संरक्षणाच्या आकड्याच्या, जागी एलएसएफ लिहिलेलं असतं, ते ५० किंवा ५०+ बघ. आणि ट्यूबवर एका छोट्या गोलात यूव्हीए ही अक्षरं शोध. यूव्हीए हा उन्हातल्या अतिनील म्हणजे यूव्ही किरणांचा एक प्रकार. तो गोल म्हणजे यूव्हीएपासूनचं संरक्षण एसपीएफच्या निदान एक तृतीयांश आहे. २००६ पासून युरोपात हीच खूण चालते. आपल्याकडे त्यासाठी पीए आणि त्यापुढे अधिकची चिन्हं असतात, ती तिथं दिसणार नाहीत. दिसली नाहीत म्हणून ठेवून देऊ नकोस म्हणावं.

सुधीरकाका (बी-५०१): पावसाळा लागला की आता. ढगात सनस्क्रीन कशाला?

मंजिरी: काका, ढगांतून यूव्हीए येतंच. खिडकीच्या काचेतूनही बरंचसं येतं. आणि वांगाचं म्हणाल तर नुसत्या यूव्हीवर भागत नाही. आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला डोळ्यांना दिसणारा साधा उजेडसुद्धा काळपटपणा आणतो. गोऱ्या कातडीला तो तितकासा त्रास देत नाही, त्यामुळे साध्या सनस्क्रीनमध्ये त्याचा विचार क्वचितच केलेला असतो.

तो उजेड अडवायला आयर्न ऑक्साइड लागतं, म्हणजे रंग असलेलं, टिंटेड सनस्क्रीन. जर्मनमध्ये त्याला गेटोन्ट म्हणतात. काकू, तुमच्यासाठी तेच हवं. गेली दोन वर्षं तुम्ही रोज सनस्क्रीन लावताय आणि तरी वांग हटत नाही म्हणता, त्याचं एक कारण हे असू शकतं.

शुभदाकाकू: हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं गं. पण रंगाचं आणलं आणि तुझ्या फाउंडेशनसारखं झालं तर?

मंजिरी: ती भीती खरी आहे. कित्येक टिंटेड ट्यूबांत एकच शेड असते आणि ती तिथल्या कातडीला धरून केलेली. हेल लिहिलं असेल तर फिकी, मिटेल म्हणजे मध्यम, डुंकेल म्हणजे गडद. मिटेलच्या खाली जायचं नाही. थोडी फिकी निघालीच तर वरून तुमची नेहमीची पावडर फिरवा.

वैशाली (सी-१०३): मंजिरी बरोबर सांगतेय. मेडिकलच्या काउंटरवर मी रोज जे बघते ते मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. वांगासाठी बायका येतात आणि मागच्या वेळची ती ट्यूब द्या म्हणतात. त्यात स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन अशी तीन औषधं एकत्र असतात. डॉक्टरने ठरावीक आठवड्यांपुरतं लिहून दिलेलं असतं आणि बाई दोन वर्षं लावत राहते. कातडी पातळ होते, लाल होते, गालांवर लव वाढते, आणि बंद केलं की वांग आधीपेक्षा गडद होऊन परत येतो. मी चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणून कितीतरी जणी माझ्यावर रागावून गेल्या आहेत. हायड्रोक्विनोनला युरोपात चेहऱ्याच्या सौंदर्यप्रसाधनांत बंदी आहे, ते तिथं औषध म्हणूनच मिळतं. शुभदाताई, तुमच्याकडे तसली ट्यूब असेल तर एकदम बंद करू नका, आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

शुभदाकाकू: आहे गं एक. मधून मधून लावते. सोमवारीच जाते.

वैशाली: नक्की जा. सोबत हवी असेल तर मी येते, सोमवारी सकाळी दुकान हे सांभाळतात.

मंजिरी: वैशालीताई, बरं झालं लिहिलंत. काकू, वांगावर लावायला एक सांगते. हॅम्बुर्गच्या बायर्सडॉर्फ कंपनीने थायामिडोल नावाचा रेणू काढलाय, युसेरिनच्या पिगमेंटच्या क्रीममध्ये तो असतो. निव्हियाही त्याच कंपनीचं. निव्हियाच्या ल्युमिनस ६३० मध्ये तोच रेणू आहे आणि ते बहुधा स्वस्त पडतं. घटकांच्या यादीत नाव भलं मोठं असतं, आयसोब्युटिलअमिडो थायाझोलिल रेसॉर्सिनॉल. ते दिसलं तर घ्यायला हरकत नाही, पण लावायचं डॉक्टरांना विचारूनच. आठवड्याभरात काही दिसणार नाही, महिने लागतात. आणि हे डाग फिके व्हावेत म्हणून, गोरं व्हायला नाही. आपला रंग आहे तो छान आहे, त्याला काही करायचं नाहीये.

नेहा (ए-१०४): मंजिरी, आम्ही सप्टेंबरात पॅरिसला जातोय. तिथून काय आणू? आणि त्यांची ती जाड क्रीमं?

मंजिरी: जाड क्रीमं नको. हे मी भोगलंय. तिथं जानेवारीत हीटर चालू, हवा कोरडी, नळाचं पाणी जड. त्या हवेत जे क्रीम पाच मिनिटांत जिरायचं, तेच इथं जुलैत लावलं आणि पंधरा दिवसांत कपाळभर बारीक पुटकुळ्या. क्रीम तेच होतं, हवा बदलली होती. आणि आपल्याला पुटकुळी गेली तरी तिचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो, तिथल्या मैत्रिणींना असं फारसं होत नव्हतं. फ्रेंच डब्यांवर एकाच नावाखाली लेजेर आणि रिश असे दोन प्रकार येतात. लेजेर म्हणजे हलकं, तेच घ्यायचं.

पॅरिसला र्‍यू द्यू फूरवर सिटीफार्मा म्हणून औषधांचं दुकान आहे, स्वस्ताईसाठी ते प्रसिद्ध आहे. गर्दी असते, सकाळी उघडताना जा. बायोडर्माचं मायसेलर पाणी मेकअप काढायला उत्तम, पण ते भारतातही मिळतं, त्यामुळे भाव बघून मगच अर्ध्या लिटरची बाटली वाहून आण. १०० मिलीच्या वरचं सगळं चेक-इन बॅगेत टाक.

सानिका: आणि ऑनलाइन इथंच मागवलं तर?

वैशाली: आयात केलेल्या मालावर इथल्या आयातदाराचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि एमआरपी छापलेली नाहीतर चिकटवलेली असायला हवी. नसेल तर घेऊ नकोस, किती का स्वस्त असेना. मागे उघड्या डबीचं चित्र आणि त्यात १२ एम असं असतं, म्हणजे उघडल्यापासून १२ महिने. मी तर झाकणावर पेनने तारीखच घालून ठेवते.

मंजिरी: आणखी एक राहिलं. युरियाचं फूटक्रीम! डीएमच्या बालेआ ब्रँडचं असतं, तीनेक युरोला घेतल्याचं आठवतंय. माझ्या सासूबाईंच्या टाचांच्या भेगांतून रक्त यायचं. रात्री पाय कोमट पाण्यात ठेवायचे, पुसायचे, क्रीम चोळायचं आणि सुती मोजे घालायचे. तीन आठवड्यांत टाच मऊ झाली. त्या अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला मोजा काढून दाखवतात. उघड्या भेगेवर मात्र झोंबतं, आधी जखम भरू द्यायची. यात त्वचेच्या रंगाचा काही प्रश्नच येत नाही, टाच ती टाच.

सुधीरकाका: सकाळी सायकलवर पाषाणपर्यंत जातो, मानेचा रंग पार बदललाय. मीही लावू का? किती लावायचं?

मंजिरी: लावाच काका. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ काढायची, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. आपण सगळे याच्या निम्मंसुद्धा लावत नाही. दोन तासांहून जास्त उन्हात राहिलात तर पुन्हा. तुम्हाला बिनरंगाचं हलकं फ्लुइड चालेल.

शुभदाकाकू: ओंकारने फोटो टाकलाय, बघा. गेटोन्ट लिहिलंय, मिटेल आहे, गोलात यूव्हीए आहे. सव्वाअकरा युरो. तो म्हणतोय दुसरं एक पाचाचं आहे, तेच घेऊ का?

मंजिरी: पाचाचं बिनरंगाचं दिसतंय, ते काकांना. रंगाच्या ट्यूबची मागची बाजू दाखवायला सांगा. यादीच्या अगदी शेवटी सीआय आणि पाच आकडे असे नंबर असतात. ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हवेत. लाल, पिवळं, काळं, हेच ते आयर्न ऑक्साइड. नुसतं ७७८९१ असेल तर तो पांढरा टिटॅनियम डायऑक्साइड, तेवढ्यानं आपलं काम होणार नाही.

शुभदाकाकू: थांब, विचारते.

शुभदाकाकू: ४९१ आहे म्हणतोय. ४९२ आहे. ४९९ पण आहे.

मंजिरी: घ्यायला सांगा. काकू, माझ्यासाठीही एक. आल्यावर पैसे देते.

शुभदाकाकू: पैशाचं काय घेऊन बसलीस. तीन घे म्हटलं त्याला, एक वैशालीला. टाचेचं क्रीमही घेतलंय. सानिका, मस्कारा काळाच ना?

सानिका: काळाच काकू! थँक्यू!